अडकलेलं कर्नेल उलगडताना: जीडीबीत स्वतःची कमांड कशी घालावी

व्हर्च्युअल मशीन गोठलंय. शेल उत्तर देत नाही, एसएसएच लटकलंय, पण सीपीयू तर निवांत आहेत. जीडीबी हा डीबगर जोडून बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कोणी बोलावलं त्याची साखळी) घेतला की प्रत्येक सीपीयू आयडल लूपमध्ये बसलेला दिसतो. म्हणजे गुन्हेगार सीपीयूवर नाहीच. तो कुठल्यातरी लॉकसाठी किंवा डिस्कच्या उत्तरासाठी झोपलाय. तो कोण आणि कुठे झोपलाय, हा खरा प्रश्न. लिनक्सच्या सोर्ससोबत येणारी एलएक्स-पीएस ही कमांड टास्कचा (प्रोसेस किंवा थ्रेडचा) पत्ता, पीआयडी आणि नाव एवढंच देते. त्यापुढचं आपल्यालाच लिहावं लागतं.

इथे एलएक्स-डीटास्क्स नावाची कमांड बनवू: डी अवस्थेत, म्हणजे साध्या सिग्नलने न उठणाऱ्या झोपेत, अडकलेले टास्क शोधायचे आणि प्रत्येकाची स्टॅकवरची साखळी छापायची. उदाहरण लिनक्स ६ मालिकेतलं, एक्स८६-६४ वरचं आणि क्यूईएमयू या मशीन एम्युलेटरमधलं आहे. सगळी नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना सोर्समध्ये आहेत तशीच, अंडरस्कोर आणि हायफनसकट टाइप करायची.

आधी पाया

जीडीबीसाठीच्या या पायथन स्क्रिप्ट यान किस्का यांच्या कामातून २०१५ साली ४.० आवृत्तीत मुख्य सोर्समध्ये आल्या. त्या स्क्रिप्ट्स/जीडीबी/लिनक्स या डिरेक्टरीत असतात आणि व्हीएमलिनक्स-जीडीबी.पीवाय ही फाइल त्यांना एकेक करून इम्पोर्ट करते. जीडीबी व्हीएमलिनक्स, म्हणजे डीबग माहितीसकट बांधलेली कर्नेलची फाइल, उघडतो तेव्हा शेजारी याच नावाची पायथन फाइल आहे का ते बघतो आणि असली तर आपोआप चालवतो.

कर्नेल बांधताना चार गोष्टी जमायला हव्यात. कॉन्फिग_जीडीबी_स्क्रिप्ट्स चालू. कॉन्फिग_डीबग_इन्फो_रिड्यूस्ड बंद, नाहीतर स्ट्रक्चरची माहिती अर्धवट राहते आणि स्क्रिप्ट पहिल्याच पावलावर नकार देतात. कॉन्फिग_रँडमाइझ_बेस (कर्नेल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर ठेवणारा पर्याय) बंद, किंवा बूट करताना कर्नेलच्या कमांड लाइनवर नोकेएएसएलआर. आणि अनवाइंडर (स्टॅकवरून साखळी उलगडणारी यंत्रणा) म्हणून ऑर्कऐवजी फ्रेम पॉइंटर, म्हणजे कॉन्फिग_अनवाइंडर_फ्रेम_पॉइंटर. हा चौथा बदल बाकीच्या एलएक्स कमांडना लागत नाही, आपल्या कमांडला लागतो. कारण पुढे येईल. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग या साधनाने हे बदल केल्यावर मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा आणि डॉटकॉन्फिग पुन्हा उघडून बघा. एकमेकांवर अवलंबून असलेले पर्याय कधीकधी गुपचूप परत फिरतात.

क्यूईएमयूला छोटा एस पर्याय दिला की तो १२३४ पोर्टवर जीडीबीची वाट बघतो. मोठा एस दिला की सीपीयू पहिल्या इन्स्ट्रक्शनलाच थांबून राहतो. मोठा एस वापरत असाल तर स्टार्ट_कर्नेलवर साधा ब्रेकपॉइंट लावू नका, एचब्रेक लावा. त्या क्षणी कर्नेलचा कोड त्याच्या व्हर्च्युअल पत्त्यावर मॅपच झालेला नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लिहायला जागाच नसते.

जीडीबी सुरू केल्यावर 'ऑटो-लोड सेफ-पाथने नाकारलं' असा इशारा आला, तर होम डिरेक्टरीतल्या डॉटजीडीबीइनिट फाइलमध्ये अ‍ॅड-ऑटो-लोड-सेफ-पाथ आणि पुढे बिल्ड डिरेक्टरीचा पूर्ण पत्ता लिहा. इशारा न येताही कमांड सापडत नसतील तर मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी चालवायचं राहिलंय, किंवा तुमचा जीडीबी पायथनशिवाय बांधलेला आहे. फेडोरातलं जीडीबी-मिनिमल हे पॅकेज असंच आहे. इन्फो ऑटो-लोड पायथन-स्क्रिप्ट्स ही कमांड काय लोड झालं ते सांगते.

सगळं जुळल्याची खूण म्हणजे एलएक्स-व्हर्जन. ती कर्नेलच्या मेमरीतली बॅनरची ओळ छापते. ती ओळ आणि व्हीएमलिनक्स फाइलमधली ओळ यांत बिल्डचा क्रमांक आणि वेळ तंतोतंत जुळली पाहिजे. बूट होणारं बीझीइमेज कालचं आणि व्हीएमलिनक्स आजचं असं झालं, तर सगळ्या कमांड चालतात आणि सगळ्या खोटं बोलतात.

कमांडचा सांगाडा

स्क्रिप्ट्स/जीडीबी/लिनक्स मध्ये डीटास्क्स.पीवाय ही फाइल बनवा. सुरुवातीला जीडीबी इम्पोर्ट करा, मग लिनक्स पॅकेजमधून यूटिल्स, टास्क्स आणि कॉन्स्टंट्स. जीडीबी.कमांड या क्लासपासून आपला क्लास काढा. त्यात दोनच मेथड लागतात. कन्स्ट्रक्टरमध्ये मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला कमांडचं नाव आणि जीडीबी.कमांड_डेटा हा वर्ग द्यायचा. दुसरी मेथड इन्व्होक. तिला सेल्फखेरीज आर्ग आणि फ्रॉम_टीटीवाय असे दोन आर्ग्युमेंट मिळतात. फाइलच्या शेवटी क्लासचं एक ऑब्जेक्ट बनवा. ही शेवटची ओळ विसरली तर एररही येत नाही आणि कमांडही येत नाही, त्यामुळे नवख्यांचा बराच वेळ इथे जातो.

क्लासच्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलेला मजकूरच हेल्पमध्ये दिसतो. पहिली ओळ पूर्णविरामाने संपवा, कारण कमांडच्या यादीत तेवढीच ओळ दिसते.

आर्ग ही एक सलग स्ट्रिंग असते. ती स्वतः स्प्लिट करू नका, जीडीबी.स्ट्रिंग_टू_आर्गव्ही अवतरणचिन्हं आणि एस्केप नीट सांभाळतो. वापरणाऱ्याची चूक असेल तर जीडीबी.जीडीबीएरर रेझ करा, म्हणजे ट्रेसबॅकच्या भेंडोळ्याऐवजी एकच ओळ दिसते. स्वतः डीबग करताना मात्र सेट पायथन प्रिंट-स्टॅक फुल करून ठेवा. आणि इन्व्होकच्या पहिल्या ओळीत सेल्फ.डोन्ट_रिपीट बोलवा. जीडीबीत नुसतं एंटर दाबलं की आधीची कमांड पुन्हा चालते. दोन हजार टास्कांची यादी चुकून दोनदा बघण्यात काही मजा नाही.

इन्व्होकच्या आत टास्क्स.टास्क_लिस्ट्स हा जनरेटर फिरवायचा. तो इनिट_टास्कपासून सुरुवात करून प्रत्येक प्रोसेस आणि तिचा प्रत्येक थ्रेड देतो. हाती येतो टास्क_स्ट्रक्टचा पॉइंटर, आणि त्यावर चौकटी कंसात फील्डचं नाव दिलं की किंमत मिळते. वेगळ्या लिस्टवर काम करायचं असेल तर लिस्ट्स.लिस्ट_फॉर_ईच_एंट्री आहे. त्याला लिस्टचं डोकं, पॉइंटरचा टाइप आणि मेंबरचं नाव द्यायचं. टाइप पॉइंटरचा, स्ट्रक्चरचा नव्हे; यूटिल्स.कंटेनर_ऑफलाही हेच लागू. उलट केलं तर कळेल असा एरर येईलच याची खात्री नाही, कधीकधी नुसता कचरा हाती येतो.

टाइप फाइलच्या वरच जीडीबी.लुकअप_टाइपने शोधून ठेवण्याचा मोह आवरा. त्याऐवजी यूटिल्स.कॅश्डटाइप वापरा आणि गरज पडेल तिथे त्याची गेट_टाइप बोलवा. नवी ऑब्जेक्ट फाइल लोड झाली की हा क्लास आपली जुनी नोंद टाकून देतो. मेमरीतल्या किमतींचं तर आणखी पथ्य पाळावं लागतं. इम्पोर्टच्या वेळी जीडीबी मशीनला जोडलेला नसतो, आणि अशा वेळी तो व्हीएमलिनक्स फाइलमधली सुरुवातीची किंमत वाचून देतो. टार्गेट न जोडता एलएक्स-पीएस चालवून बघा: स्वॅपर नावाची एकच ओळ येईल, कारण फाइलमधला इनिट_टास्क फक्त स्वतःलाच ओळखतो.

आता व्हीएमलिनक्स-जीडीबी.पीवाय उघडून बाकीच्या इम्पोर्टखाली लिनक्स.डीटास्क्सची ओळ घाला. बिल्ड डिरेक्टरी सोर्सपासून वेगळी ठेवत असाल, म्हणजे मेकला ओ पर्याय देत असाल, तर नवी फाइल बनवल्यावर मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी पुन्हा चालवावंच लागतं. तिथे प्रत्येक पायथन फाइलची सिमलिंक बनते. ती नसेल तर मॉड्यूल सापडत नसल्याचा एरर येतो आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही का सापडत नाही ते कळत नाही.

मॅक्रो पायथनपर्यंत कसे आणायचे

टास्क_अनइंटरप्टिबल हा सी मधला मॅक्रो आहे. मॅक्रो साध्या डीबग माहितीत उतरत नाहीत, म्हणून जीडीबीला ते नाव माहीतच नसतं. आकडा थेट पायथनमध्ये लिहिला तर आज चालेल, पण कर्नेलमध्ये तो बदलला की कमांड गप्प राहून चुकेल. याची सोय कॉन्स्टंट्स.पीवाय.इन या फाइलमध्ये आहे. ही फाइल सी प्रीप्रोसेसरमधून जाते आणि तिच्यातून कॉन्स्टंट्स.पीवाय तयार होते.

फाइलच्या मधोमध एंड-सी-हेडर्स अशी एक खुणेची ओळ आहे. बिल्ड तिच्यासकट वरचं सगळं कापून टाकतं. हेडरचा इन्क्लूड खुणेच्या वर घाला आणि किंमत मागणारी ओळ खाली. इन्क्लूड खाली घातला तर सी हेडरचा अख्खा ढिगारा पायथन फाइलमध्ये सांडतो.

आपल्याला लिनक्स/शेड.एच हे हेडर लागेल आणि तीन किमती: टास्क_अनइंटरप्टिबल, टास्क_वेककिल, टास्क_नोलोड. या तिन्ही एलएक्स_व्हॅल्यूमध्ये गुंडाळायच्या. चौथी थ्रेड_साइझ, ती मात्र एलएक्स_जीडीबीपार्स्डमध्ये, आणि फाइलमध्ये ती आधीच नसेल तरच. फरक असा की एलएक्स_व्हॅल्यू मॅक्रो उलगडून जे मिळेल ते तसंच पायथनसमोर ठेवतो. थ्रेड_साइझ उलगडल्यावर आकड्यामागे यूएल ही सी ची शेपटी येते, आणि पायथन तिथे अडखळतो. एलएक्स_जीडीबीपार्स्ड तोच मजकूर जीडीबीच्या पार्सरला देतो. त्याला सी समजतं. पायथनमध्ये सगळ्या नावांना पुढे एलएक्स_ लागतं. एका कॉन्स्टंटमधल्या सिंटॅक्स एररमुळे सगळ्याच एलएक्स कमांड गायब होतात, तेव्हा बदल केल्यावर तयार झालेली कॉन्स्टंट्स.पीवाय एकदा डोळ्यांखालून घाला.

डी म्हणजे नक्की कोण

पहिला प्रयत्न सगळे असाच करतात: अवस्था बरोबर टास्क_अनइंटरप्टिबल, म्हणजे २, आहे का ते तपासायचं. हे दोन्ही बाजूंनी फसतं.

एकीकडे खरे अडकलेले सुटून जातात. अवस्था हा बिटांचा संच आहे, एक आकडा नव्हे. ६.१ पासून त्यात टास्क_फ्रीझेबल हा हेक्समधल्या २००० चा बिट येऊ लागला, त्यामुळे २ ऐवजी २००२ दिसतं. दुसरीकडे नुसता २ चा बिट चालू आहे का एवढंच बघितलं, तर निष्पाप केवर्कर (कर्नेलची किरकोळ कामं उरकणाऱ्या) थ्रेडांची रांगच लागते. काम नसलेले वर्कर टास्क_आयडल अवस्थेत झोपतात, आणि टास्क_आयडल म्हणजे टास्क_अनइंटरप्टिबल अधिक टास्क_नोलोड, हेक्समध्ये ४०२. साध्या पीएस कमांडमध्ये हेच आय अक्षराने दिसतात. लोड अ‍ॅव्हरेज विनाकारण फुगू नये म्हणून ही सोय आहे.

म्हणून चाळणी अशी: अनइंटरप्टिबल बिट चालू आणि नोलोड बिट बंद. वेककिल बिट चालू असेल तर तो टास्क किलेबल आहे, म्हणजे सिगकिलने (९ क्रमांकाच्या सिग्नलने) मारता येतो. कर्नेलमधला हंग टास्क डिटेक्टर अशांना वगळतो. आपण वगळू नये, फक्त ओळीत के अशी खूण करावी. एनएफएस सर्व्हर गायब झाल्यावर लटकणारे टास्क बऱ्याचदा किलेबलच असतात, आणि त्याच वेळी ही यादी सर्वात जास्त कामाला येते.

फील्डच्या नावाचीही एक गंमत आहे. ५.१३ पर्यंत ते स्टेट होतं, ५.१४ मध्ये ते पुढे दोन अंडरस्कोर असलेलं स्टेट झालं आणि टाइपही बदलला. एकाच स्क्रिप्टने दोन्ही कर्नेल बघायचे असतील तर जीडीबी.टाइप्स मॉड्यूलमधल्या हॅज_फील्डने विचारा आणि मिळेल ते नाव वापरा. किंमत आधी इंटमध्ये बदला, मगच बिट तपासा.

आणखी एक चाळणी ऑन_सीपीयूची. टास्क आधी स्वतःची अवस्था बदलतो आणि मग शेड्यूलला बोलावतो. मशीन नेमकं या दोघांच्या मधे थांबलं असेल तर टास्क डी दिसतो पण अजून सीपीयूवर असतो. त्याचा जतन केलेला स्टॅक पॉइंटर मागच्या झोपेतला, म्हणजे शिळा. अशा टास्कची साखळी छापूच नका, 'सीपीयूवर आहे' एवढं लिहा. क्यूईएमयूमध्ये प्रत्येक सीपीयू जीडीबीला थ्रेड म्हणून दिसतो, तेव्हा त्या थ्रेडवर जाऊन नेहमीचा बॅकट्रेस घेता येतो.

नाव काढायला कॉम या फील्डवर स्ट्रिंग बोलवतात. त्याला एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ आणि एरर्स म्हणून रिप्लेस हे दोन्ही द्या. कॉम १६ बाइटांचं असतं, शेवटचा बाइट शून्याचा, म्हणजे उरले १५. देवनागरीतला प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेतो, त्यामुळे शुद्ध देवनागरी नाव पाचांवर नीट तुटतं. पण कोणी थ्रेडला 'छपाई-२' असं नाव दिलं, तर हायफन एकाच बाइटाचा असल्याने शेवटचं देवनागरी २ मधेच चिरलं जातं. रिप्लेस दिलेलं नसेल तर त्या एका थ्रेडपायी अख्खी कमांड युनिकोड एरर देऊन पडते.

झोपलेल्या टास्कचा स्टॅक

जीडीबीला झोपलेल्या टास्कचा बॅकट्रेस आपोआप घेता येत नाही. त्याला फक्त सीपीयू दिसतात. साखळी आपणच चालत जायची.

एक्स८६-६४ वर टास्क बदलताना __स्विच_टू_एएसएम हे असेंब्ली रूटीन आरबीपी, आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ ही सहा रजिस्टरं त्याच क्रमाने स्टॅकवर ढकलतं आणि स्टॅक पॉइंटर टास्कच्या थ्रेड.एसपी मध्ये ठेवतं. म्हणजे एसपीपासून ४० बाइटांवर जुना आरबीपी, ४८ वर परतीचा पत्ता. कर्नेलमध्ये या मांडणीचं स्ट्रक्चरही आहे, इनअ‍ॅक्टिव्ह_टास्क_फ्रेम; एसपी त्याच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून बीपी फील्ड वाचणं हे आकडे मोजण्यापेक्षा बरं.

हा बीपी म्हणजे __शेड्यूलच्या फ्रेमचा पाया. त्या पत्त्यावर बोलावणाऱ्याचा बीपी असतो, आणि त्याच्या ८ बाइट वर परतीचा पत्ता. दोन्ही वाचा, पत्ता छापा, पुढच्या बीपीवर जा. फ्रेम पॉइंटर नसलेल्या कर्नेलमध्ये आरबीपी हे साधं कामाचं रजिस्टर असतं, त्यात काहीही सापडू शकतं. म्हणून सुरुवातीला अनवाइंडर बदलला. एआरएम६४ वर हा त्रास नाही: तिथे फ्रेम पॉइंटर कायम असतो आणि थ्रेड.सीपीयू_कॉन्टेक्स्टमध्ये एफपी फील्ड तयार मिळतं. कुठल्या आर्किटेक्चरवर आहोत ते यूटिल्स.इज_टार्गेट_आर्च सांगतं. तिसरंच काही निघालं तर साखळी न छापता पुढे जा.

प्रत्येक पावलावर पुढचं सगळं तपासायचं. बीपी टास्कच्या स्टॅक फील्डपासून सुरू होणाऱ्या थ्रेड_साइझच्या आत आहे का; ही साइझ एक्स८६-६४ वर एरवी १६ केबी असते, केएएसएएन हा मेमरीच्या चुका पकडणारा पर्याय चालू असेल तर मोठी. वरच्या टोकाला निदान १६ बाइट शिल्लक आहेत का. पत्ता ८ ने भागला जातो का. पुढचा बीपी आत्ताच्या बीपीपेक्षा मोठा आहे का, कारण साखळी फक्त वरच चढते. आणि एवढं करूनही २० पावलांनंतर थांबा.

पत्त्याचं नाव काढायला इन्फो सिंबल ही कमांड जीडीबी.एक्झिक्यूटमधून, टू_स्ट्रिंग ट्रू ठेवून चालवा. पत्त्यातून १ वजा करून द्या. परतीचा पत्ता म्हणजे कॉलनंतरची इन्स्ट्रक्शन, आणि कॉल जर फंक्शनची शेवटचीच इन्स्ट्रक्शन असेल तर तो पत्ता शेजारच्या फंक्शनमध्ये पडतो.

साखळीची पहिली एक-दोन नावं शेड्यूल, आयओ_शेड्यूल, शेड्यूल_टाइमआउट अशी ठरलेलीच असतात. खरी माहिती त्यांच्यानंतर सुरू होते. गर्दी नको असेल तर __शेड_टेक्स्ट_स्टार्ट आणि __शेड_टेक्स्ट_एंड या लिंकरच्या सिंबलांमधले पत्ते गाळा. मला विचाराल तर पूर्ण साखळी ठेवावी. म्युटेक्सवर (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकवर) थांबलाय की डिस्कवर हे बऱ्याचदा त्या गाळलेल्या नावांतच लिहिलेलं असतं.

थांबलेल्या मेमरीवर भरवसा नको

आपली कमांड कर्नेलच्या कुठल्याही लॉकशिवाय वाचते. मशीन थांबलं त्या क्षणी एखादा सीपीयू याच लिस्टमधून टास्क काढत असेल. शिवाय डीबगर बाहेर काढायची वेळ येते तेव्हा मेमरी बिघडलेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून प्रत्येक टास्कवरचं काम ट्राय ब्लॉकमध्ये ठेवा, जीडीबी.मेमरीएरर पकडा, त्या टास्कचा पत्ता आणि 'वाचता आला नाही' असं छापा आणि पुढे जा. एका फुटक्या पॉइंटरमुळे उरलेली यादी हातची जाता कामा नये.

बाहेरच्या लूपलाही कुंपण हवं. बिघडलेली लिस्ट स्वतःतच वळसा घेऊ शकते, आणि मग कमांड अखंड चालत राहते. पाहिलेल्या टास्कांचे पत्ते पायथनच्या सेटमध्ये ठेवा. पत्ता दुसऱ्यांदा आला की इशारा देऊन थांबा. लिस्ट नेमकी कुठे तुटली ते बघायला एलएक्स-लिस्ट-चेक आहे.

कधीकधी मेमरी धड असते आणि तरीही काहीच वाचता येत नाही. पीटीआय (यूजर आणि कर्नेलची पेज टेबलं वेगळी ठेवणारं संरक्षण) चालू असलेल्या मशीनवर सीपीयू यूजर कोडमध्ये थांबला असेल तर त्याच्या पेज टेबलांत कर्नेलचा जेमतेम तुकडा मॅप केलेला असतो, आणि क्यूईएमयू पत्ते त्याच टेबलांतून शोधतो. इन्फो थ्रेड्स बघून कर्नेलमध्ये असलेल्या दुसऱ्या सीपीयूवर जा, आयडल असला तरी चालेल. चाचणीचंच मशीन असेल तर बूटला नोपीटीआय द्या.

वेगाचं म्हणाल तर क्यूईएमयूवर विचार करायची गरज नाही. सिरियल केबलवरून केजीडीबी (कर्नेलच्या आतलाच डीबगर) वापरणाऱ्यांनी करावा. ११५२०० बॉडवर सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात आणि मेमरीचा प्रत्येक बाइट हेक्समध्ये दोन अक्षरं खातो. जीडीबी.व्हॅल्यू आळशी असते. मागाल तेवढंच फील्ड वाचते, हे इथे पथ्यावर पडतं. अख्ख्या टास्क_स्ट्रक्टवर फेच_लेझी बोलावलंत तर प्रत्येक टास्कमागे कित्येक किलोबाइट ओढले जातील. आधी अवस्था वाचा, चाळणीत टिकला तरच नाव आणि स्टॅक. सेट डीबग रिमोट १ केलं की कुठलं फील्ड किती पॅकेट खातंय ते उघड दिसतं.

बदल करून पुन्हा लोड करताना

फाइल सुधारून व्हीएमलिनक्स-जीडीबी.पीवाय पुन्हा सोर्स केली तरी जुनाच कोड चालतो, कारण पायथन एकदा इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल पुन्हा वाचत नाही. लिहीत असताना सोर्स कमांडला थेट डीटास्क्स.पीवायचा पत्ता द्या. त्याच नावाची कमांड पुन्हा नोंदवली की जुनी बदलली जाते, आणि जीडीबी बंद करून मशीन पुन्हा जोडावं लागत नाही. कॉन्स्टंट्स बदलले असतील तर मात्र आधी मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी, मग इम्पोर्टलिब.रीलोडने ते मॉड्यूल ताजं करा.

खरोखर अडकवून बघा

चाचणीसाठी डी अवस्था मुद्दाम घडवता येते. एका फाइलमध्ये एक्स्ट४ बनवून ती लूप डिव्हाइसने माउंट करा, आत एक फाइल ठेवा, मग एफएसफ्रीझला छोटा एफ पर्याय आणि माउंटची जागा द्या. आता त्या फाइलवर बॅकग्राउंडमध्ये टच चालवा. तो डी मध्ये जातो आणि साखळीत __परसीपीयू_डाउन_रीड दिसलं पाहिजे. एफएसफ्रीझला छोटा यू दिला की सुटतो. रूट फाइलसिस्टमवर हा प्रयोग करू नका, नाहीतर सोडवायला हाती शेल उरणार नाही.

दुसरी चाचणी किलेबलची. पाच-सहा ओळींचा सी प्रोग्राम लिहा: व्हीफोर्क करायचं आणि चाइल्डमध्ये ६०० सेकंद स्लीप. पेरेंट चाइल्ड संपेपर्यंत डी मध्ये थांबतो आणि के खुणेसह दिसतो. नव्या कर्नेलवर त्याची अवस्था हेक्समध्ये २१०२ असते. अवस्था थेट २ शी ताडून बघणारी स्क्रिप्ट इथेच उघडी पडते. या दोन टास्कांव्यतिरिक्त निवांत मशीनवर यादी रिकामीच यायला हवी. केवर्कर दिसले तर नोलोडची चाळणी चुकलीये.

जोडीला एक फंक्शन

साखळीत __म्युटेक्स_लॉक दिसलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो: म्युटेक्स धरलाय कोणी? याला कमांडपेक्षा फंक्शन सोयीचं, कारण त्याचं उत्तर पुढच्या एक्सप्रेशनमध्ये वापरता येतं. जीडीबी.फंक्शनपासून क्लास काढा, नाव एलएक्स_म्युटेक्स_ओनर द्या. नावात हायफन चालत नाही, कारण ते वजाबाकीचं चिन्ह ठरेल. इन्व्होकला म्युटेक्सचा पॉइंटर मिळतो.

ओनर फील्ड अ‍ॅटॉमिक_लाँग_टी आहे, त्यामुळे आकडा त्याच्या आतल्या काउंटरमध्ये सापडतो. त्याचे खालचे तीन बिट पत्त्याचे नसून खुणांचे आहेत: थांबलेले आहेत का, लॉक हातोहात द्यायचा आहे का, असे. ते ७ च्या उलट मास्कने पुसा आणि उरलेला आकडा टास्क_स्ट्रक्टच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून परत द्या. शून्य उरला तर लॉक कोणाकडेच नाही. प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइम) कर्नेलमध्ये म्युटेक्स आतून आरटी-म्युटेक्स असतो आणि ही मांडणीच नसते. तिथे हॅज_फील्डने ओनर नसल्याचं ओळखून स्वच्छ जीडीबीएरर द्या.

नेटवर्कची प्रत्येक कमांड लटकली असेल तर आरटीएनएल_म्युटेक्सचा पत्ता या फंक्शनला द्या, प्रिंटमध्ये पुढे बाण काढून कॉम मागा, आणि लॉक धरणाऱ्याचं नाव समोर येतं. मग तोच टास्क डी यादीत कुठे थांबलाय ते बघायचं. लॉक एखाद्या मॉड्यूलमधला असेल तर आधी एलएक्स-सिंबल्स चालवून मॉड्यूलचे सिंबल आणि टाइप लोड करून घ्या.

आवृत्ती बदलली की

या स्क्रिप्ट कर्नेलसोबतच राहतात, आणि ते बरंच आहे. ५.१० मध्ये प्रिंटकेचा रिंगबफर नव्याने लिहिला गेला आणि एलएक्स-डीमेसग पुन्हा लिहावी लागली. जुन्या कर्नेलमध्ये थ्रेड टास्कमधल्या थ्रेड_ग्रुपने जोडलेले होते. आता सिग्नलमधल्या थ्रेड_हेडवरून फिरावं लागतं. म्हणून दुसऱ्या आवृत्तीच्या डिरेक्टरीतून स्क्रिप्ट उसनी आणू नका, आणि टास्क्स.टास्क_लिस्ट्स असताना ती लूप स्वतः लिहू नका. कोणी फील्ड बदललं तर ते फंक्शन तिथेच दुरुस्त होतं. तुमची नक्कल मात्र तशीच राहते.

कमांड मुख्य सोर्समध्ये पाठवायची असेल तर पहिल्या ओळीत एसपीडीएक्स परवाना, नावाला एलएक्स- उपसर्ग, डॉक्युमेंटेशनमधल्या जीडीबीच्या पानावर कमांडच्या यादीत एक ओळ, आणि पाठवण्याआधी चेकपॅच या तपासणीच्या स्क्रिप्टची एक फेरी. कॉन्स्टंट्स.पीवाय.इनमधला बदल त्याच पॅचमध्ये ठेवा. ज्या कॉन्फिगमध्ये तुमचं हेडर किंवा मॅक्रो नसेल तिथेही फाइल बांधली जायला हवी, त्यामुळे एखादी किंमत कॉन्फिगवर अवलंबून असेल तर तिच्याभोवती इफडेफ घाला. मग टायनीकॉन्फिग या सर्वात छोट्या कॉन्फिगवर जीडीबी स्क्रिप्ट चालू करून एकदा बांधून बघा. असे दोष तिथे सर्वात आधी सापडतात.